षट्कर्णी झालेले गुपित

आपल्या मराठीत 'षट्कर्णी होणे' असा एक मोठा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. दोघांमधील मसलत चार कानांपुरती असते. तीत तिसरा माणूस आला की कान सहा होतात, आणि मग ती मसलत मसलत राहत नाही, तिची वार्ता होते. राजनीतीच्या जुन्या आचार्यांना हे व्यवहारज्ञान पुरेपूर होते. राजाच्या खलबताची जागा कशी असावी हे सांगताना कौटिल्याने पाखरांचीही दृष्टी तेथे पोहोचू नये असे बजावले आहे; कारण पोपट, मैना आणि कुत्री यांच्यामुळेदेखील मसलती फुटल्याचे त्याने ऐकले होते. आजचे मंत्री पोपट-मैनांना भीत नाहीत. परंतु गुप्त कागदांच्या पेट्या, त्यांवरील लाखेच्या मोहरा आणि तीस-तीस, पन्नास-पन्नास वर्षे बंद राहणारी दप्तरे पाहिली, म्हणजे कौटिल्याची भीती अजून ओसरलेली नाही हे कळते.

राज्य आले की गुपित आलेच. ज्या राज्याला काहीच लपविता येत नाही, ते आपल्या प्रजेचे रक्षणही करू शकत नाही. तेव्हा शासनाने गुप्तता पाळावी की पाळू नये, हा वाद व्यर्थ आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. हे गुपित कोणापासून राखले जात आहे? शत्रूपासून, की आपल्याच माणसांपासून? बाहेरून पाहता दोन्ही गुपिते सारखीच दिसतात. दोघांनाही मोहरा असतात, पहारे असतात, सांकेतिक नावे असतात. पण काळ लोटला आणि दप्तरे उघडली, म्हणजे त्यांच्यातील अंतर स्पष्ट होते.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण घेऊ. १९४३ च्या एप्रिलअखेर ब्रिटिशांनी स्पेनच्या किनाऱ्याजवळ एक मृतदेह समुद्रात सोडला. त्याच्या अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश होता आणि बरोबर बनावट पत्रांनी भरलेली एक पेटी होती. दोस्त राष्ट्रांचा खरा हल्ला सिसिलीवर व्हायचा होता. पत्रांवरून मात्र तो ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असे भासत होते. जर्मनांनी त्या पत्रांवर विश्वास ठेवला. युद्ध संपून काही वर्षे लोटल्यावर, १९५३ मध्ये, या युक्तीच्या एका शिल्पकाराने स्वतःच तिच्यावर पुस्तक लिहिले. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या हजारो स्त्रीपुरुषांनी तर आपल्या कामाविषयी घरच्या माणसांपाशीही तोंड उघडले नाही. १९७४ साली ते प्रकरण जाहीर रीतीने लोकांपुढे आले, तेव्हा त्यांची मान अभिमानाने ताठ झाली. शत्रूपासून राखलेल्या गुपिताचे हे वैशिष्ट्य आहे. त्याचे काम संपले की ते सुखाने उघडे होऊ शकते.

दुसऱ्या प्रकारच्या गुपिताला हे सुख लाभत नाही. त्याची कथा १९५६ च्या सुएझ प्रकरणात जितकी स्वच्छ वाचता येते, तितकी क्वचितच दुसरीकडे वाचता येईल.

सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात वाहतुकीस खुला झाला. तोवर मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाला साऱ्या आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे. कालव्यामुळे त्या वाटेतले चार हजारांहून अधिक मैल वाचले. मुंबई बंदराचा त्यानंतरचा उत्कर्ष, तेथून जाणारा कापूस आणि विलायतेला शिकायला जाणारी आपली तरुण मंडळी, या सर्वांची वाट त्या वाळवंटातल्या पाण्याच्या पट्टीवरून जात होती. इंग्लंडचा तर तो साम्राज्याचा राजमार्गच होता. १८७५ मध्ये डिझरायलीने कालव्याच्या कंपनीतील इजिप्तच्या खेदिवाचे भाग विकत घेतले, तेव्हापासून ब्रिटिश सरकार तिचे मोठे भागीदार बनले. भारत स्वतंत्र झाला आणि राजमार्गाच्या टोकाचे साम्राज्य गेले. तरी मार्गाचे महत्त्व उणावले नाही. पश्चिम युरोपला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग त्याच वाटेने येऊ लागला होता.

२६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी अलेक्झांड्रिया येथील भाषणात कालव्याच्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. अस्वानच्या धरणासाठी अमेरिकेने देऊ केलेले साहाय्य त्याच महिन्यात मागे घेण्यात आले होते. त्याला हे उत्तर होते. कालव्याचा शिल्पकार द लेसेप्स याचे नाव नासर यांनी भाषणात उच्चारले, की तो संकेत समजून त्यांच्या माणसांनी कंपनीची कार्यालये ताब्यात घ्यायची, असे ठरले होते. तसेच झाले. भागधारकांना मोबदला देण्याचे आणि वाहतूक चालू ठेवण्याचे आश्वासन इजिप्तने दिले. सप्टेंबरात परदेशी वाटाडे काम सोडून गेले, तेव्हा कालवा आता बंद पडणार असे युरोपात अनेकांना वाटले. पण इजिप्शियन वाटाडे आणि त्यांच्या मदतीस आलेले इतर देशांचे वाटाडे यांनी जहाजांची ये-जा सुरळीत राखली.

लंडनमध्ये मात्र पंतप्रधान सर अँथनी ईडन यांनी नासर यांना उखडून काढण्याचा निश्चय केला होता. ईडन हे कोणी क्षुद्र कारस्थानी गृहस्थ नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. १९३८ च्या फेब्रुवारीत, मुसोलिनीशी कसे वागावे या प्रश्नावर मतभेद होऊन, त्यांनी परराष्ट्रमंत्र्याची खुर्ची सोडली होती. हुकूमशहांपुढे न नमणारा सत्त्वशील पुरुष अशी त्यांची ख्याती होती. दुर्दैव असे की, तो जुना अनुभवच त्यांच्या डोळ्यांवर झापडासारखा बसला. नासर यांच्यात त्यांना दुसरा मुसोलिनी दिसू लागला. फ्रान्सचा रोष निराळ्या कारणाने होता. १९५४ पासून अल्जीरियात पेटलेल्या स्वातंत्र्ययुद्धाला नासर यांचा पाठिंबा होता. इस्रायलला सीमेवरील छाप्यांची, तिराणच्या सामुद्रधुनीतील नाकेबंदीची आणि १९५५ मध्ये इजिप्तने चेकोस्लोव्हाकियाकडून मिळविलेल्या शस्त्रांची धास्ती होती. असे तिघांचे तीन हेतू एका माणसाच्या विरोधात येऊन मिळाले.

ऑगस्टमध्ये लंडनला २२ राष्ट्रांची परिषद भरली. कालव्याचा कारभार आंतरराष्ट्रीय मंडळाकडे द्यावा या योजनेस १८ राष्ट्रांनी संमती दिली. भारत, सोव्हिएत संघ, इंडोनेशिया आणि सिलोन यांनी दिली नाही. इजिप्तचे सार्वभौमत्व राखून वाहतुकीची हमी मिळावी, अशी निराळी योजना भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी मांडली. ऑक्टोबरात प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे गेला आणि वाटाघाटींना थोडी दिशाही लागली. परंतु वाटाघाटींना यश येणे म्हणजे युद्धाचे निमित्त हातचे जाणे. ज्यांनी युद्धाची तयारी केली होती, त्यांना आता अशा निमित्ताची गरज होती की जे निमित्त वाटणार नाही.

१४ ऑक्टोबरला दोन फ्रेंच पाहुणे ईडन यांना त्यांच्या चेकर्स येथील निवासस्थानी भेटले. त्यांनी आणलेली योजना अशी : इस्रायलने इजिप्तवर चाल करावी, मग कालव्याला धोका उत्पन्न झाला असे म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स यांनी दोन्ही पक्षांना दूर व्हायला सांगावे आणि त्यांना दूर करण्याच्या मिषाने कालव्याचा ताबा घ्यावा. आग लावणाऱ्याशी आधी संधान बांधायचे आणि मग बंब घेऊन धावत जायचे, असा हा प्रकार होता.

पॅरिसच्या उपनगरात सेव्र नावाचे गाव आहे. चिनी मातीच्या सुबक भांड्यांसाठी ते जगप्रसिद्ध आहे. तेथील एका खाजगी बंगल्यात २२ ते २४ ऑक्टोबर १९५६ या तीन दिवसांत हे खलबत झाले. इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन गुरियन, सेनापती मोशे दायान आणि तरुण शिमोन पेरेस हे गुप्तपणे येऊन दाखल झाले. फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले, परराष्ट्रमंत्री क्रिस्तियाँ पिनो आणि संरक्षणमंत्री बुर्जेस-मोनुरी हे यजमान होते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड पहिल्या दिवशी आले. लंडनला आपल्या भेटीगाठी त्यांनी सर्दी झाल्याचे सांगून रद्द केल्या होत्या. एका महान राष्ट्राच्या परराष्ट्रमंत्र्याला शाळकरी मुलासारखी सबब सांगावी लागावी, यातच त्या कार्याचे स्वरूप प्रकट होते.

बेन गुरियन यांना ही योजना मनापासून रुचली नव्हती. तीत आक्रमकाचे पाप इस्रायलच्या माथी आणि शांतिदूताचे पुण्य इंग्रज-फ्रेंचांच्या पदरी पडत होते. शिवाय, आपण लढाईत उतरल्यावर इंग्रज मागे फिरले तर काय, ही शंका त्यांना सतावीत होती. दायान यांनी तोडगा काढला. सिनाईच्या वाळवंटात, कालव्यापासून तीस-चाळीस मैलांवर, मित्ला खिंडीपाशी छत्रीधारी सैनिकांची एक तुकडी उतरवावी. ब्रिटिशांना 'कालव्याला धोका' म्हणून दाखविण्यास एवढे पुरेसे होते, आणि सोबत्यांनी दगा दिलाच तर तो एक छापा होता असे म्हणून तुकडी परत बोलावता येण्याइतके ते लहानही होते.

तिसऱ्या दिवशी ठरावाचा फ्रेंच मसुदा टंकलिखित झाला. सात कलमांचा तो करार होता. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इस्रायलने मोठा हल्ला करावा. ३० तारखेस ब्रिटन व फ्रान्स यांनी उभय पक्षांना कालव्यापासून १० मैल मागे हटण्यास सांगावे, आणि इजिप्तने कालव्यावरील मोक्याची ठाणी तात्पुरती त्यांच्या हवाली करावीत अशी मागणी करावी. १२ तासांत इजिप्तने ते मान्य न केल्यास ३१ तारखेच्या पहाटे इजिप्तवर हल्ला सुरू करावा. आणि हे सारे पूर्ण गुप्त ठेवावे. फ्रान्सच्या वतीने पिनो यांनी, इस्रायलच्या वतीने बेन गुरियन यांनी आणि ब्रिटनच्या वतीने पॅट्रिक डीन या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने सही केली. बेन गुरियन यांनी आपली प्रत घडी करून अंगातल्या जाकिटाच्या खिशात जपून ठेवली.

डीन आणि त्यांचे सहकारी डोनल्ड लोगन कागद घेऊन लंडनला परतले, तेव्हा ईडन यांना धक्काच बसला. जे काही ठरेल ते तोंडीच राहील, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी दोघांना दुसऱ्याच दिवशी पुन्हा पॅरिसला पाठविले : सर्व प्रती परत मागून नष्ट करा! फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या एका दालनात या दोघा अधिकाऱ्यांना तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले. अखेर पिनो यांचा नकार मिळाला. इस्रायलची प्रत तर केव्हाच तेल अवीवच्या वाटेला लागली होती. ब्रिटिश प्रत नष्ट करण्यात आली. फ्रेंच प्रतही पुढे सापडेनाशी झाली.

श्रोतेहो, या घटनेतील मर्म येथे आहे. कागद कोणी मागितला? बेन गुरियन यांनी. का मागितला? कारण ज्यांच्याबरोबर ते कारस्थान करीत होते, त्यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. जे काम उजळ माथ्याने करता येते, त्यात दिलेल्या शब्दाला चारचौघे साक्षी असतात. जे काळोखात करायचे, तेथे शब्दाला साक्षीदार नाही. म्हणून कागद हवा. आणि कागद झाला की काळोख संपलाच म्हणायचा. गुप्त कटाचा पुरावा कटवाल्यांच्या परस्पर अविश्वासातूनच जन्मास आला. सहा कानांचा दोष आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवला होता. येथे सहा कानांच्या जोडीला तीन सह्याही होत्या.

पुढे सारे ठरल्याप्रमाणे घडले. २९ ऑक्टोबरला मित्लापाशी छत्र्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी निर्वाणीचा खलिता निघाला. त्यातील विसंगती कोणाही नकाशा वाचणाऱ्याच्या ध्यानात येण्याजोगी होती. इस्रायलचे मुख्य सैन्य कालव्यापासून दूरच होते. तेव्हा त्याला १० मैलांवर 'मागे' राहण्यास सांगणे म्हणजे वस्तुतः पुढे येण्यास परवानगी देणे होते. मागे हटायचे होते ते इजिप्तनेच, आणि तेही आपल्याच भूमीवर. इजिप्तने नकार दिला. ३१ तारखेच्या संध्याकाळी बाँबवर्षाव सुरू झाला. ५ नोव्हेंबरला पोर्ट सैद येथे छत्रीधारी सैनिक आणि ६ तारखेस समुद्रमार्गे फौजा उतरल्या. ज्या कालव्याच्या रक्षणासाठी हे चालले होते, तो इजिप्तने जहाजे बुडवून बंद करून टाकला. तो पुन्हा खुला व्हायला १९५७ चा एप्रिल उजाडला. संरक्षणाच्या नावाने आरंभिलेल्या मोहिमेचे पहिले फळ हे!

हे गुपित नेमके कोणापासून राखले होते? इजिप्तपासून म्हणावे, तर पहिल्या छत्रीबरोबर त्या गुप्ततेची गरज संपली होती. परंतु कैरोतील ब्रिटिश वकिलाला कल्पना नव्हती. पॅरिसमधील ब्रिटिश वकिलालाही अंधारात ठेवले होते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर, ज्यांच्या मैत्रीवर ब्रिटनची सारी भिस्त होती, त्यांनाही सांगितलेले नव्हते. ब्रिटिश मंत्रिमंडळालासुद्धा साऱ्या तपशिलाची माहिती देण्यात आली नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संसद. ३१ ऑक्टोबरला सेल्विन लॉइड यांनी कॉमन्स सभागृहात सांगितले की, इस्रायलबरोबर आमचा आधी कोणताही करार झालेला नव्हता. २० डिसेंबरला खुद्द ईडन यांनी त्याच सभागृहात उभे राहून सांगितले की, इस्रायल हल्ला करणार याची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती. सेव्र येथील सह्यांना तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

शत्रूला फसविणे ही युद्धातली विद्या मानली आहे. पण ज्या सभेच्या विश्वासावर पंतप्रधान पंतप्रधान असतो, त्या सभेला फसविणे याला कोणते नाव द्यावे? स्पेनच्या किनाऱ्यावरील बनावट पत्रे जर्मनांसाठी लिहिलेली होती; कॉमन्समधील ती विधाने मतदारांसाठी होती. दोन्ही खोटीच; परंतु पहिल्याने राष्ट्राचे रक्षण केले आणि दुसऱ्याने त्याच राष्ट्राचा न्याय करण्याचा अधिकार हिरावून घेतला. जी वस्तुस्थिती प्रजेला ठाऊक नाही, तिच्याविषयी प्रजा संमती देऊ शकत नाही, तसा निषेधही करू शकत नाही.

या खोट्याची किंमत जगाने मोजली. सुरक्षा परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरला, तेव्हा प्रश्न आमसभेपुढे आला. युद्ध थांबवावे असा ठराव २ नोव्हेंबरला ५ विरुद्ध ६४ मतांनी संमत झाला. अमेरिकेने पौंडाला हात देण्याचे नाकारले. ब्रिटनची गंगाजळी झपाट्याने घटू लागली, तेलाची टंचाई झाली आणि डिसेंबरात इंग्लंडमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्ध थांबले. डिसेंबर संपण्यापूर्वी इंग्रज-फ्रेंच फौजा परतल्या. याच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि हंगेरीचा उठाव चिरडला गेला. त्या अत्याचाराविरुद्ध बोलताना ब्रिटन आणि फ्रान्स यांचा आवाज चिरकला. कारण त्यांचीच विमाने त्या वेळी इजिप्तवर घिरट्या घालीत होती. दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याचा अधिकारही असत्यामुळे कसा गमवावा लागतो, त्याचे हे उदाहरण आहे.

भारताने प्रारंभापासूनच या आक्रमणाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. हंगेरीविषयी मात्र भारताचा स्वर उशिरा आणि मंद उमटला, अशी टीका तेव्हा आपल्याकडेही झाली, आणि ती अकारण नव्हती. तथापि सुएझच्या बाबतीत भारत केवळ बोलून थांबला नाही. कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांचे आणीबाणीचे शांतिदल उभारले गेले, तेव्हा त्यात भारतीय पलटणी दाखल झाल्या. पुढे या दलाचे नेतृत्वही भारतीय सेनानींकडे आले : १९५९ अखेरीपासून १९६४ च्या आरंभापर्यंत जनरल ग्यानी आणि शेवटच्या काळात जनरल रिखी यांच्याकडे. १९६७ मध्ये हे दल मागे घेण्यात आले आणि पाठोपाठ नवे युद्ध पेटले. त्या युद्धात गाझा भागात काही भारतीय जवानही प्राणांस मुकले. सेव्रच्या बंगल्यात जे बी पेरले गेले, त्याच्या सावलीत आपली माणसे अकरा वर्षे पहारा देत उभी होती.

आणि गुपिताचे काय झाले? ते एकदम फुटले नाही. मडके पाझरावे तसे पाझरत राहिले. १९५७ मध्येच दोन फ्रेंच पत्रकारांच्या पुस्तकातून पुष्कळसा तपशील बाहेर पडला. ईडन यांनी ९ जानेवारी १९५७ रोजी, प्रकृतीच्या कारणाने, राजीनामा दिला. ते खरोखरच आजारी होते. १९६० मध्ये त्यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या, पण त्यांत सेव्रचा उल्लेख नाही. त्यांचे राज्यमंत्री अँथनी नटिंग यांनी युद्ध चालू असतानाच पद सोडले होते. त्यांना सारे माहीत होते. तरी ते अकरा वर्षे गप्प राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी आपली हकीकत प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये पिनो आणि दायान यांनी आपापल्या पुस्तकांतून सेव्रची बैठक सांगितली. १९७७ च्या जानेवारीत ईडन निवर्तले. सेल्विन लॉइड यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले.

ब्रिटिश कायद्यानुसार तीस वर्षे पुरी झाल्यावर, १९८७ च्या आरंभी, १९५६ ची दप्तरे खुली झाली. अभ्यासक मोठ्या आशेने गेले. पण सेव्रचा करार तेथे नव्हता. तो केव्हाच नाहीसा झाला होता. तथापि जाकिटाच्या खिशात घडी करून ठेवलेली ती तिसरी प्रत बेन गुरियन यांच्या कागदपत्रांत सुरक्षित होती. १९९६ मध्ये, बरोबर चाळीस वर्षांनी, तिची छायाप्रत एका ब्रिटिश चित्रपटमालिकेच्या निमित्ताने जगाने पाहिली, आणि इतिहासकारांनी तिचा मजकूर प्रसिद्ध केला. तीन प्रतींपैकी एक जाळली, एक हरवली, एक राहिली. आणि एक पुरेशी होती.

कोणी म्हणेल, चाळीस वर्षांनी सत्य कळून काय उपयोग? पोर्ट सैदच्या गल्ल्यांत, सिनाईच्या वाळूत जे पडले ते परत येत नाहीत. ज्यांना जाब विचारायचा तेही काळाच्या पडद्याआड गेले. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच दप्तरे उशिरा का होईना उघडतात एवढ्यावर संतुष्ट राहता येत नाही. उघडलेले दप्तर इतिहासकाराला न्याय देते. नागरिकाला तो वेळीच हवा असतो. लोकसभेत विचारलेला प्रश्न, वृत्तपत्रातील शोधक लेख, एखाद्या अधिकाऱ्याने लेखी नोंदविलेला विरोध ही जुन्या दप्तरांहून अधिक मोलाची साधने आहेत. कारण ती कृत्य घडण्यापूर्वी किंवा घडत असताना बोलतात.

तरीही जुन्या दप्तरांना तुच्छ लेखू नये. आज सही करणाऱ्याच्या मनात 'हा कागद उद्या कोणीतरी वाचणार आहे' ही जाणीव असणे, हाच राज्यकारभारावरचा एक अदृश्य पहारा आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी पन्नास वर्षांची मुदत होती, ती १९६७ च्या कायद्याने तीसवर आणली गेली आणि पुढे वीस वर्षांवर आणण्याचे ठरले. आपल्याकडे सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३ मध्ये झाला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानेही, देशाच्या सुरक्षिततेसारखे काही अपवाद सोडून, वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मागणाऱ्याला द्यावी असे तत्त्व मान्य केले आहे. हे अपवाद आवश्यकच आहेत. मात्र अपवादाच्या आड काय ठेवले जाते, शत्रूला कळू नये असे काही की स्वजनांना कळल्यास लाज वाटेल असे काही, याविषयी जागरूक राहणे हे स्वतंत्र देशाच्या नागरिकाचे कर्तव्य आहे.

ईडन यांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. १९३८ मध्ये ज्याने तत्त्वासाठी पद सोडले, त्यानेच १९५६ मध्ये पदाच्या बळावर तत्त्व सोडले. आपला हेतू शुद्ध आहे अशी त्यांची खात्री होती, आणि कदाचित तेथेच ते फसले. हेतू शुद्ध असल्याची खात्री झालेल्या माणसाला साधने तपासण्याची गरज वाटत नाही. पण जर कृत्य योग्य होते, तर तो कागद नष्ट करण्यासाठी माणसे पॅरिसला का धाडावी लागली? त्या दोघा अधिकाऱ्यांच्या निष्फळ खेपेतच सुएझ प्रकरणाचा निवाडा लिहिलेला आहे. तो कोणा शत्रूने दिलेला नाही. ज्यांनी कट केला, त्यांच्याच मनाने तो तेव्हा दिला होता. दप्तरांनी चाळीस वर्षांनंतर त्यावर फक्त शिक्का उमटवला.

प्रत्येक शासनाने आपल्या गुप्त कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा कागद माझ्या देशबांधवांनी वाचला, तर मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकेन का? उत्तर होकारार्थी असेल, तर ते गुपित खुशाल कडेकोट बंदोबस्तात ठेवावे. त्याची जपणूक हे कर्तव्यच आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर मात्र कितीही मोहरा लावा, कितीही प्रती जाळा, कोणाच्या तरी खिशात एक प्रत घडी करून ठेवलेली असतेच.